‘जेन एअर’मधील नातींगोतीं

इंग्रजी कादंबरी प्रथमच हातीं घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास भाषेपेक्षांहि नात्यांची अडचण अधिक भासते, असा आमचा अनुभव आहे. काका, मामा आणि मावशीचा नवरा या सर्वांस इंग्रज माणूस ‘अंकल’ म्हणतो. काकू, मामी, आत्या व मावशी या चौघींस मिळून एक ‘आंट’. आणि चुलत, मामे, आते, मावस अशीं सारीं भावंडें तो ‘कझिन’ या एकाच शब्दांत कोंबतो. त्यामुळें कोण कोणाचा कोण हें ध्यानांत येईपर्यंत चारपांच प्रकरणें उलटून जातात. शार्लट ब्राँटे या लेखिकेची ‘जेन एअर’ ही कादंबरी वरच्या वर्गांतील मुलामुलींनीं, आणि साधल्यास त्यांच्या आईबापांनींहि, अवश्य वाचावी असें आम्हांस वाटतें. म्हणून तींतील माणसांची व त्यांच्या परस्परसंबंधांची ओळख आपल्या भाषेंतील नात्यांच्या नांवांनीं येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे. कथानक आधीं कळल्यानें वाचनाची गोडी जाईल अशी ज्यांस भीति वाटत असेल, त्यांनीं आधीं पुस्तक वाचावें व मग या लेखाकडे वळावें.

ही कादंबरी लंडन येथें १८४७ च्या ऑक्टोबर महिन्यांत प्रसिद्ध झाली. तीवर लेखिकेचें खरें नांव नव्हतें. ‘करर बेल’ असें टोपणनांव घातलें होतें, आणि तें पुरुषाचें कीं स्त्रीचें हें वाचकांस कळूं नये असाच त्यांत हेतु होता. शार्लट ही यॉर्कशायर परगण्यांतील हॉवर्थ गांवच्या धर्मोपदेशकाची कन्या. तिचा जन्म १८१६ सालचा. ती पांच वर्षांची असतां तिची आई वारली. पुढें चौघी बहिणी धर्मोपदेशकांच्या मुलींकरितां काढलेल्या एका निवासी शाळेंत गेल्या. तेथून आजारी होऊन परतलेल्या दोघी वडील बहिणी १८२५ सालीं मरण पावल्या. मोठेपणीं शार्लटनें १८३९ व १८४१ या सालीं दोन कुटुंबांत गव्हर्नेस म्हणून नोकरी केली. दुसऱ्या ठिकाणीं पगार वर्षाकांठीं २० पौंड ठरला होता. परंतु कपडे धुण्याचा खर्च वजा जातां हातीं १६ पौंडच पडत.

गव्हर्नेस म्हणजे श्रीमंताच्या घरीं राहून त्याच्या मुलांस शिकविणारी शिक्षिका. तिची स्थिति मोठी चमत्कारिक असे. शिक्षणानें व रीतीभातीनें ती घरच्या मंडळींच्या बरोबरीची. पण पगार घेते म्हणून त्यांच्या पंक्तीची नव्हे. नोकरचाकर तिला मालकांपैकीं समजून दूर राहत, आणि मालक तिला नोकरांपैकीं समजून दूर ठेवीत. या कादंबरीची नायिका जेन ही अशीच एक गव्हर्नेस आहे. आमच्या मतें सबंध पुस्तकाचा प्रश्न एकच: दुसऱ्याच्या आधारानें जगणाऱ्या माणसानें मिंधें झालेंच पाहिजे काय? जेनच्या आयुष्यांत आलेलें प्रत्येक नातें लेखिकेनें याच कसोटीवर घासून पाहिलें आहे.

पहिलें नातें मामीचें. जेन तान्ही असतांनाच तिचे आईबाप एका महिन्याच्या आंत वारले. बाप गरीब धर्मोपदेशक. त्याच्याशीं लग्न केलें म्हणून आजोबांनीं जेनच्या आईस कवडीहि दिली नव्हती. पोरकी भाची मामानें, म्हणजे मिस्टर रीड यांनीं, गेट्सहेडच्या आपल्या वाड्यांत आणली. पण थोड्याच दिवसांत तेहि निवर्तले. आणि मरतांना त्यांनीं पत्नीकडून वचन घेतलें कीं, या मुलीस मी पोटच्या मुलीप्रमाणें वाढवीन. मामाचें घर म्हटलें कीं आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढें सुट्टी, लाड व गोडधोड उभें राहतें. जेनच्या वांट्यास मामा गेल्यानंतरचें मामाचें घर आलें.

रीडबाईंनीं वचन पाळलें, पण त्यांतील अक्षर तेवढें पाळलें. जेनला अन्न मिळे, वस्त्र मिळे, आणि त्याबरोबर त्या अन्नवस्त्राची आठवणहि दररोज मिळे. चौदा वर्षांचा मामेभाऊ जॉन दहा वर्षांच्या जेनला मारी. एके दिवशीं ती पडद्याआड खिडकींत बसून पुस्तक वाचीत असतां त्यानें तिला बाहेर बोलाविलें, हीं पुस्तकें आमचीं आहेत, तूं आमच्या जिवावर जगणारी आहेस असें सुनावलें, आणि तेंच पुस्तक तिच्या अंगावर फेंकलें. डोक्यास खोंक पडून रक्त आलें, तेव्हां तीहि त्याच्यावर उलटली. शिक्षा झाली ती मात्र एकट्या जेनला. जेथें मामानें प्राण सोडला होता त्या तांबड्या खोलींत तिला कोंडण्यांत आलें. घरची एक मोलकरीण तर तिला बजावते कीं, तूं नोकरांहूनहि खालची, कारण पोटाच्या मोबदल्यांत तूं कांहीं कामसुद्धां करीत नाहींस. मिंधेपणाची व्याख्या याहून स्पष्ट ती कोणती?

तथापि रीडबाई ही कांहीं गोष्टींतील राक्षसीण नव्हे. नवऱ्याला स्वतःच्या मुलांपेक्षां ही भाची अधिक प्रिय होती, हें शल्य तिच्या मनांत शेवटपर्यंत राहिलें. मदीरा बेटावर व्यापार करणारा जेनचा काका, जॉन एअर, यानें तिला दत्तक घेण्याच्या इच्छेनें पत्र पाठविलें असतां, ती मुलगी शाळेंत तापानें मेली असें रीडबाईंनीं उलट कळविलें. मृत्युशय्येवर त्यांनीं हें पत्र जेनच्या हातीं दिलें. जेनने मनापासून क्षमा केली. पण मामीला ती घेतां आली नाहीं. क्षमा देण्यासाठीं मन मोठें लागतें तसें घेण्यासाठींहि लागतें, हें या प्रसंगांत दिसून येतें.

गेट्सहेडहून जेन लोवुड येथील शाळेंत गेली. या शाळेंत फी वर्षाची १५ पौंड. बाकीचा खर्च देणगीदारांच्या वर्गणींतून चाले. म्हणजे तेथील ऐंशीहि मुली धर्मादायावर शिकत होत्या. शाळेचे व्यवस्थापक मिस्टर ब्रॉकलहर्स्ट यांची समजूत अशी कीं, गरिबांच्या मुलींस उपाशी व थंडींत ठेवल्यानें त्यांच्या आत्म्याचें कल्याण होतें. मुलींचे कुरळे केंस कापून टाकण्याचा हुकूम ते सोडीत असतांच त्यांची पत्नी व मुली मखमल, रेशीम व फर ल्यालेल्या, आणि केंसांच्या बटा कुरळ्या करून, वर्गांत प्रवेश करतात. लेखिकेनें यावर टीका केलेली नाहीं; तिची गरजच नव्हती. पुढें तापाची सांथ आली तेव्हां ऐंशीपैकीं पंचेचाळीस मुली एकाच वेळीं आजारी पडल्या, व मग कोठें लोकांचें लक्ष वेधून शाळेचा कारभार सुधारला.

याच शाळेंत दान देण्याची दुसरी रीतिहि जेनला पाहावयास मिळाली. सकाळची लापशी करपून खाण्यालायक राहिली नाहीं, तेव्हां मुख्याध्यापिका टेंपलबाई यांनीं स्वतःच्या जबाबदारीवर सर्वांस पाव व चीज वांटलें. ब्रॉकलहर्स्टनें जेनला स्टुलावर उभें करून ही मुलगी खोटारडी आहे असें जाहीर केलें, तेव्हां टेंपलबाईंनीं तिला नुसतें कुरवाळलें नाहीं. तिची हकीकत ऐकून घेतली, खरेंखोटें कळावें म्हणून गेट्सहेडच्या वैद्यास पत्र लिहिलें, आणि उत्तर येतांच सर्व शाळेपुढें ती निर्दोष असल्याचें सांगितलें. दया पुष्कळ लोक करतात. आश्रितास न्यायहि हवा असतो हें थोड्यांच्या ध्यानांत येतें. जेन पुढें दोन वर्षें तेथेंच शिक्षिका झाली, ती याच बाईंच्या वळणावर.

हेलन बर्न्स ही जेनची पहिली मैत्रीण. जेन अन्यायानें पेटते. हेलन तो सोसते व सोसण्याचें कारण शांतपणें समजावून सांगते. जेनला तें सारेंच पटत नाहीं, आणि आम्हांसहि पटलें नाहीं. पण स्टुलावर उभ्या असलेल्या जेनकडे पाहून, बोलण्याची बंदी असतां, येतांजातां हेलन जें हसली त्या हसण्याचें बळ जेनला जन्मभर पुरलें. क्षयानें हेलन गेली, त्या रात्रीं जेन तिच्या गळ्यांत हात घालून निजली होती. पंधरा वर्षें त्या थडग्यावर गवतच होतें. मग तेथें एक करड्या संगमरवराची शिला आली. ती कोणीं बसविली हें पुस्तकांत सांगितलेलें नाहीं, परंतु वाचकास तें कळतेंच.

टेंपलबाई लग्न होऊन गेल्यावर अठरा वर्षांच्या जेननें वर्तमानपत्रांत जाहिरात दिली व थॉर्नफील्ड येथें वर्षाच्या ३० पौंडांवर गव्हर्नेसची जागा मिळविली. तिची विद्यार्थिनी अडेल ही पॅरिसमधील एका नर्तकीची मुलगी. आईनें टाकलेली; घरधनी मिस्टर रॉचेस्टर तिचा सांभाळ करीत, पण ती आपली मुलगी असल्याचें कबूल करीत नसत. ही हकीकत कळल्यावर जेन नोकरी सोडील असें त्यांस वाटलें होतें. उलट, या पोरीस कोणी नाहीं असें समजतांच जेननें तिला अधिक जवळ केलें. गेट्सहेडची पोरकी मुलगी दुसऱ्या पोरकीस ओळखणार नाहीं तर कोण ओळखील?

रॉचेस्टर व जेन यांची पहिली भेट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बर्फावर घोडा घसरून ते पडतात, आणि हा आपला मालक हें ठाऊक नसलेल्या जेनच्या खांद्यावर भार देऊन घोड्यापर्यंत लंगडत जातात. वयानें ते जवळजवळ वीस वर्षांनीं मोठे, धनवान्, हुकमी स्वभावाचे. तरीहि जेन त्यांच्याशीं बरोबरीनें बोलते, व त्यांस तेंच आवडतें. मामीच्या आजारपणांत जातांना तिचे १५ पौंड येणें होते. रॉचेस्टरनें ५० पौंडांची नोट पुढें केली. तिनें ती नाकारली. मग त्यांनीं १० पौंड दिले व उरलेल्या पांचांसाठीं ती परत येईल असा विनोद केला. हा प्रसंग हंसण्याचा आहे, पण जेनचा सारा स्वभाव त्यांत आला आहे: हक्काचें तें मागून घ्यावयाचें, वरचें घ्यावयाचें नाहीं.

लग्न ठरल्यावर रॉचेस्टर तिला बाजारांत नेऊन रेशमी वस्त्रें व जडजवाहीर घेऊं लागले, तेव्हां तिला आनंदापेक्षां ओशाळेपण अधिक वाटलें. आपलें स्वतःचें थोडें जरी कांहीं असतें तर बरें, असें मनांत येऊन तिनें त्याच दिवशीं मदीरास आपल्या काकांस लग्नाची वार्ता लिहिली. या पत्रावर पुढील कथेचा डोलारा उभा आहे. तें पोंचलें तेव्हां जमेकाचा रिचर्ड मेसन योगायोगानें काकांकडे उतरला होता. रॉचेस्टरचें नांव ऐकतांच तो चमकला. कारण त्याची बहीण बर्था हीच रॉचेस्टरची पत्नी, व ती जिवंत होती! आजारी काकांनीं त्यालाच धाडलें, आणि देवळांत विवाह लागत असतां वकिलासह येऊन त्यानें तो थांबविला. जेनला फसवणुकींतून वांचविलें तें तिच्या स्वाभिमानानें लिहिविलेल्या पत्रानेंच.

रॉचेस्टरची बाजूहि ऐकली पाहिजे. तो धाकटा मुलगा; इस्टेट तुटूं नये म्हणून बापानें व थोरल्या भावानें ३०,००० पौंडांच्या हुंड्यासाठीं त्याला जमेकास पाठवून हें लग्न लावलें. पत्नीला वेड लागलें. त्या काळीं इंग्लंडांत घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करावयाचें तर पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे. न्यायालयाचा मार्ग १८५७ सालीं खुला झाला, आणि वेड हें कारण तर १९३७ सालच्या कायद्यानें प्रथम मान्य केलें. त्यानें बर्थेस थॉर्नफील्डच्या तिसऱ्या मजल्यावर ग्रेस पूल या बाईच्या पहाऱ्यांत लपवून ठेविलें. त्याचें दुःख खरें होतें. पण त्यानें जेनशीं खोटेपणा केला हेंहि तितकेंच खरें. फ्रान्समध्यें जाऊन आपण एकत्र राहूं, असें त्यानें परोपरीनें विनविलें. जेनचें त्याच्यावर प्रेम होतें, जगांत दुसरें कोणी नव्हतें, आणि तरीहि ती पहांटे अवघे २० शिलिंग घेऊन घराबाहेर पडली.

बर्थेविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. कादंबरींत तिचें हसणें ऐकूं येतें, तिचें बोलणें कोठेंच येत नाहीं; तिची सर्व हकीकत नवऱ्याच्या तोंडून कळते. जेन मात्र एके ठिकाणीं त्याला स्पष्ट म्हणते कीं, ती अभागी आहे, वेड हा तिचा अपराध नव्हे, तिच्याविषयीं अशा द्वेषानें बोलूं नये. वेस्ट इंडीज बेटांत जन्मलेल्या जीन ऱ्हिस या लेखिकेनें १९६६ सालीं ‘वाइड सरगासो सी’ ही कादंबरी लिहून बर्थेच्या बाजूनें तीच कथा सांगितली. तिसऱ्या मजल्यावरील बाईसहि आपलें म्हणणें असेल, हें वाचकांच्या मनांत त्यामुळें ठसलें.

घराबाहेर पडलेली जेन उपाशी भटकत, डुकरास टाकावयाची लापशी मागून खाऊन, अखेर एका माळावरील घराच्या दारीं कोसळली. तेथें सेंट जॉन रिव्हर्स हा तरुण धर्मोपदेशक व त्याच्या बहिणी डायाना आणि मेरी राहत. त्यांनीं तिला घरांत घेतलें, नांवगांव खोदून विचारलें नाहीं, आणि सेंट जॉननें तिला मॉर्टन गांवीं गरीब मुलींच्या शाळेंत शिक्षिकेची जागा दिली. पहिल्या दिवशीं वीस मुली आल्या. त्यांपैकीं तिघींस वाचतां येई, लिहितां एकीसहि येईना. या कामानें आपण खालीं उतरलों असें जेनला क्षणभर वाटलें, आणि तसें वाटल्याबद्दल तिनें स्वतःसच दोष दिला.

नंतर उलगडा झाला. रिव्हर्स भावंडांची आई ही जेनच्या बापाची बहीण. म्हणजे हीं तिघें जेनचीं आतेभावंडें, आणि मदीराचा जो जेनचा काका, तोच यांचा मामा! इंग्रजींत जॉन रीडहि ‘कझिन’ व सेंट जॉनहि ‘कझिन’. मराठींत एक मामेभाऊ व दुसरा आतेभाऊ म्हणतांच लेखिकेची योजना उघड होते. मामाकडे एक भाऊ व दोन बहिणी, आत्याकडेहि एक भाऊ व दोन बहिणी. पहिल्या तिघांनीं नातें ठाऊक असून तिला परकी केली. दुसऱ्या तिघांनीं परकी समजत असतांहि तिला आपली केली.

काकांनीं आपले २०,००० पौंड एकट्या जेनला ठेविले होते. रिव्हर्सच्या बापाशीं वितुष्ट आल्यामुळें भाच्यांस फारसें कांहीं दिलें नव्हतें. जेननें लगेच चार वांटे करून प्रत्येकीं ५,००० पौंड केले. सेंट जॉन संकोचूं लागला, तेव्हां तिनें हें न्यायाचें आहे व मला घर आणि भावंडें हवीं आहेत असा हट्ट धरला. तिनें दान केलें नाहीं, वांटणी केली. कारण दान घेणाराच्या मनाला काय होतें हें तिच्याइतकें कोणास ठाऊक असणार?

सेंट जॉननें हिंदुस्थानांत मिशनरी म्हणून जाण्याचा निश्चय केला होता. त्यासाठीं तो हिंदुस्थानी भाषा शिके, व जेनलाहि त्यानें जर्मन सोडून तीच शिकावयास लाविली. पुढें त्यानें तिला मागणी घातली. आपल्याकडील कित्येक समाजांत मामाची मुलगी करण्याची चाल असल्यामुळें मराठी वाचकास यांत नवल वाटणार नाहीं. इंग्रजी कायद्यासहि तें वर्ज्य नव्हतें. पण सेंट जॉनला पत्नी नको होती, कार्यास सहाय्यक हवी होती. जेन म्हणाली, मी बहीण म्हणून येतें, पत्नी म्हणून नाहीं. तें त्यानें मानलें नाहीं. तो थोर मनाचा, निःस्वार्थी, कष्टाळू होता. परंतु आपली इच्छा तीच देवाची इच्छा असें तो समजूं लागला, आणि तेथें त्याचें चुकलें. रॉचेस्टरनें प्रेम देऊं केलें, पण धर्म सोडावयास सांगितलें. सेंट जॉननें धर्मकार्य देऊं केलें, पण प्रेमावांचून राहावयास सांगितलें. जेननें दोघांसहि नकार दिला.

अखेर ती रॉचेस्टरकडे परतली, ती थॉर्नफील्ड जळून गेल्यावर. आग बर्थेनेंच लाविली होती. रॉचेस्टरनें नोकरांस बाहेर काढलें, बर्थेस वांचविण्यास तो छपरावर चढला, पण तिनें खालीं उडी घेऊन प्राण दिला. त्याची दृष्टि गेली व एक हातहि गेला. आतां जेनजवळ स्वतःचा पैसा होता आणि त्यास आधाराची गरज होती. पहिल्या भेटींतला खांदा पुन्हा पुढें आला. या वेळीं मालक व नोकर हें नातें मात्र उरलें नव्हतें. लग्नानंतर दोन वर्षांनीं त्यास एका डोळ्यानें थोडें दिसूं लागलें. अडेल ज्या शाळेंत होती तेथील शिस्त फार कडक व मुलगी वाळलेली पाहून जेननें तिला जवळच्या, अधिक मायाळू शाळेंत घातलें. लोवुड ती विसरली नव्हती. आणि कादंबरीचा शेवट होतो तो हिंदुस्थानांत एकट्यानें झिजत असलेल्या सेंट जॉनच्या आदरपूर्वक स्मरणानें.

आपल्या शाळांतूनहि कित्येक मुलें नातलगांच्या घरीं राहून, कोणाच्या वर्गणीनें किंवा फीमाफीनें शिकतात. त्यांनीं जेनपासून एवढें घ्यावें कीं, मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. कृतज्ञ राहावें, पण खरें बोलण्याचा हक्क त्या मदतीच्या मोबदल्यांत कोणास देऊं नये. आणि ज्यांच्या घरीं असें एखादें मूल वाढत असेल त्या वडील माणसांस आमची नम्र विनंति आहे कीं, त्यांनीं रीडबाईंचें पहिलें प्रकरण एकदां वाचावें. ताटांत काय वाढलें हें मूल विसरून जाईल. वाढतांना काय बोललें गेलें तें विसरणार नाहीं.